उतरल्याचा निरोप

"मिस्त्री, धुळ्याहून जळगावला विमानानं किती वेळ लागतो हो?"

हा प्रश्न मला नोकरीत इतक्यांदा विचारला गेला, की तेवढ्यांदा माझ्या बायकोनं "जेवायला कधी येणार" असंही विचारलं नसेल. विचारणाऱ्यांत कोणाचंही विमानात बसायचं चिन्ह नव्हतं. शेंगा विकायला आलेला म्हातारा विचारायचा, शाळेची सहल घेऊन आलेले गुरुजी विचारायचे, आणि एकदा तर पारोळ्याच्या एका लग्नाच्या वऱ्हाडानं रस्त्यात बस थांबवून विचारलं होतं. मी म्हणायचो, "वीस मिनिटं." त्यांचा विश्वास बसायचा नाही. एसटीनं पारोळा, एरंडोल करत जायला अडीच-तीन तास लागत. रस्त्यात एखादा बैलगाड्यांचा तांडा आडवा आला किंवा चालकाला एरंडोलला ओळखीचं कोणी भेटलं, तर त्याहून जास्त.

मी ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या धावपट्टीवर बांधकाम खात्याचा मिस्त्री होतो. म्हणजे विमानतळावर होतो, असं माझे नातेवाईक सांगत. तिथं विमानतळ म्हणण्यासारखं काही नव्हतं. गावाबाहेर माळावर एक लांब डांबरी पट्टी, तिच्या कडेला दोन खोल्या, एक टेलिफोन, एक पाण्याची टाकी आणि एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. एवढाच संसार. विमान महिन्यातून एकदा आलं तर आलं. बाकीचे दिवस पट्टी तापत पडलेली असायची आणि मी तिच्या भेगा बुजवत फिरायचो. माझ्या हाताखाली दोन चौकीदार. त्यांतला एक नेहमी आजारी आणि दुसरा नेहमी त्याला बघायला गेलेला.

लोकांना वाटतं विमान म्हटलं की रेडिओ, मनोरा, दिवे. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. वैमानिक महामार्ग धरून यायचा, वरून एक घिरटी घालायचा, पट्टीवर गुरं आहेत का ते बघायचा आणि उतरायचा. वारा कुठून आहे ते त्याला कळावं म्हणून ती कापडी पिशवी. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. गावात तिला 'विमानाचं झबलं' म्हणत. एकदा ते झबलं चोरीला गेलं. मी वर कळवलं, वरून चौकशी आली, आणि चौकशी चालू असतानाच शेजारच्या गावात एक लहानगा भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची चड्डी घालून खेळताना दिसला. मी ते वर कळवलं नाही. कापड चांगलं जाड होतं, पोराला दोन वर्षं पुरलं असेल. नवं झबलं येईपर्यंत मी ओलं गवत आणि सायकलचा जुना टायर पेटवून धूर करायचो. वैमानिकाला तेवढ्यावर कळायचं.

आमची खरी अडचण धूर किंवा वारा नव्हती, गाव होतं. दिवसभर तापलेली गुळगुळीत डांबरी जमीन दुसरीकडे कुठं मिळणार? मिरच्या, शेंगा, ज्वारी, जे काही वाळवायचं ते लोक पट्टीवर आणून पसरायचे. सकाळी आवाज यायचा, "मिस्त्री भाऊ, आज इमान येनार शे का? मिरच्या पसारन्या शेतस." मी "नाही" म्हटलं की अर्ध्या तासात पट्टीचं टोक लाल व्हायचं. नियमात हे बसत नव्हतं. पण नियमाप्रमाणे मला चार चौकीदार मिळायला हवे होते, तेही बसत नव्हतं.

एकदा एका वैमानिकानं जळगाव समजून आमच्याकडेच विमान उतरवलं. दार उघडलं, आतून एक जाडजूड पाहुणे हात जोडून, हसत खाली उतरले. समोर मी, एक चौकीदार आणि पाच-सहा बकऱ्या. पाहुण्यांचे हात जोडलेलेच राहिले. तिकडे जळगावला केळीचे खांब उभारून, बँड लावून मंडळी आकाशाकडे डोळे लावून बसली होती. पाहुण्यांनी मला विचारलं, "हार कुठायत?" मी म्हटलं, "साहेब, हार जळगावला आहेत. वीस मिनिटं लागतील." ते परत आत बसले. निघताना वैमानिक माझ्याकडे बघत नव्हता. असे प्रसंग सांगायला बरे वाटतात. दिवाळीला मुलं-नातवंडं जमली की मी हेच सांगतो, आणि ते हसतात. दुसरा जो आहे तो मी घरात फारसा सांगितलेला नाही.

तो सांगण्याआधी आमच्या कामाची एक पद्धत सांगावी लागेल, नाहीतर तो कळणार नाही. मोठे पाहुणे येणार असले की पट्टीवर तीन गोष्टी हजर लागत. आगीचा बंब, सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका आणि तिच्याबरोबर एक डॉक्टर. विमान उतरताना लागत हे कुणालाही पटेल. पण विमान उडून गेल्यावरही त्यांनी हलायचं नसे. कारण हवेत काही बिघडलं तर विमान जवळच्या पट्टीकडे वळणार. अर्ध्या वाटेपर्यंत, म्हणजे पारोळ्याच्या आसपासपर्यंत, जवळची पट्टी आमची. म्हणून जळगावहून 'उतरलं' असा निरोप आला की मगच बंब आणि गाडी सोडायची, असा हुकूम. हुकूम मूर्खपणाचा नव्हता. ज्यानं केला त्यानं विमानाचा विचार केला होता, टेलिफोनचा केला नव्हता.

सरळ रेघेत धुळं-जळगाव नव्वद किलोमीटरच्या आसपास. छोटं विमान ते वीस मिनिटांत कापायचं. पण 'उतरलं' हा एक शब्द जळगावहून धुळ्याला यायला ट्रंक कॉल बुक करावा लागे, आणि तो कधी पाऊण तासानं लागे, कधी दोन तासांनी. जळगावच्या पट्टीवर माझ्यासारखेच एक मिस्त्री होते, चौधरी नावाचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ओळखायचो. घसा बसलेला, पण प्रेमळ. फोन लागला की ते म्हणायचे, "उतरलं, भाऊ. बसा आता, चहा घ्या." आम्ही तोवर तीन वेळा चहा घेतलेला असायचा. बंबावरचे लोक सावलीत पत्ते खेळत, डॉक्टर पेपर वाचत, आणि जिल्ह्याच्या दवाखान्याची तेव्हाची एकुलती एक चालू गाडी आमच्या लिंबाखाली उभी असायची. विमान केव्हाच उतरलेलं असायचं. पाहुणे जळगावात भाषण करत असायचे, आणि आम्ही त्यांच्या अपघाताची वाट बघत बसलेलो असायचो.

पावसाळा संपून माळ वाळायला लागला तेव्हाची गोष्ट. मुंबईहून एक मोठे पाहुणे धुळ्यात येणार, दुपारी सभा करणार आणि विमानानंच जळगावला जाणार असं ठरलं. पट्टीच्या दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत माजलेलं होतं. असं गवत कापायची आमची जुनी रीत होती. शेजारच्या गावातल्या बायकांना बोलवायचं, त्यांनी गवत कापायचं आणि मजुरीऐवजी गवतच घेऊन जायचं. खात्याचा खर्च वाचायचा, गावातली गुरं जगायची. गोजराअक्का या बायकांची म्होरकी. ठेंगणी, काळी, कपाळाला मोठं गोंदण. बोलायला फटकळ. मला नेहमी म्हणायची, "मिस्त्री, तुन्हं इमान आमन्या बकऱ्यासले भ्यास, आनि तू आम्हले भ्यास." तिच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. तिचा नवरा उखा नाना. अडीच-तीन एकर कोरडवाहू, शांत माणूस, बायको बोलत असली की हा जमिनीकडे बघत हसायचा.

त्या वेळी गवत कापून झालं, ढीग लागले आणि त्याच संध्याकाळी पोलिसांचा हुकूम आला की पाहुणे जाईपर्यंत पट्टीत कोणी पाय ठेवायचा नाही. बायका रिकाम्या हातांनी गेल्या. दोन दिवस ढीग तसेच उन्हात पडून राहिले. कापलेल्या गवताचा ढीग पडून राहिला की त्याखाली काय काय येऊन बसतं ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून तर ते त्याच दिवशी उचलतात.

पाहुणे आले, सभा झाली, दिवस कलायच्या आत ते परत पट्टीवर आले. विमान उडालं. कलेक्टर, पोलिसांच्या जीपगाड्या, पुढारी, सगळा लवाजमा धूळ उडवत निघून गेला, बरेचसे गाड्या घेऊन जळगावच्याच रस्त्याला लागले. मागं राहिलो आम्ही. बंब, रुग्णवाहिका, तिचा चालक इस्माईलभाई, एक तरणा डॉक्टर, दोन-तीन पोलीस आणि आमच्या सगळ्यांवर प्रमुख म्हणून नायब तहसीलदार. त्यांची जीपसुद्धा कुणीतरी नेली होती. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

गोजराअक्का आणि बायका कुंपणाशी थांबलेल्याच होत्या. "मिस्त्री भाऊ, गवत लई जाऊत का आते?" मी नायब तहसीलदारांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, मी हात केला. बायका आत आल्या. हसत-बोलत भारे बांधायला लागल्या. मी खोलीत जाऊन फोनजवळ बसलो.

विमान जाऊन बराच वेळ झाला होता. जळगावला ते नक्की टेकलं असणार. चौधरींचा फोन मात्र आला नव्हता. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

"अक्काले पान लागनं! अक्काले पान लागनं!"

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी धावत गेलो. अक्कानं ढीग उचलायला दोन्ही हात खाली घातले आणि उजव्या हाताला अंगठ्याच्या मुळाशी चावला. नाग. बायकांनी त्याला जाताना पाहिला होता. गोजराअक्का उभीच होती, हात दुसऱ्या हातानं धरून. ओरडत नव्हती. मला म्हणाली, "काही नही व्हयनं, भाऊ," जसं काही मलाच धीर द्यायला पाहिजे होता.

डॉक्टर पळत आले. दंडाला फडकं बांधलं, तिला लिंबाखाली आडवं केलं. रुग्णवाहिकेत त्या दिवशी काय नव्हतं? प्राणवायूची टाकी होती, हाडं मोडली तर बांधायच्या फळ्या होत्या, भाजल्यावरची मलमं होती, पाहुण्यांच्या गटाचं रक्त बर्फात ठेवलेलं होतं. सापाचं औषध नव्हतं. ते दवाखान्यात होतं, आठ-नऊ किलोमीटरांवर, पांझरेच्या पलीकडे.

"गाडी काढा," डॉक्टर म्हणाले.

इस्माईलभाईंनी गाडी सुरूसुद्धा केली. नायब तहसीलदार पुढे झाले आणि म्हणाले, "थांबा. निरोप आला का, मिस्त्री?"

"नाही, साहेब."

"मग गाडी कशी सोडता येईल?"

या माणसाबद्दल वाचकांचा गैरसमज होऊ नये. ते दुष्ट नव्हते. त्यांचे एक सोबती दुसऱ्या जिल्ह्यात असाच बंब निरोपाआधी सोडला म्हणून घरी बसले होते, आणि त्यांच्या मुलांच्या शाळा सुटल्या होत्या, हे ते आम्हाला सकाळीच चहा पिताना सांगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. त्यांनी कलेक्टर कचेरीत फोन लावायला सांगितलं. कचेरीत एक कारकून होता. तो म्हणाला, साहेब जळगावच्या वाटेवर आहेत, मी काय सांगू? डॉक्टर म्हणाले, "साहेब, जबाबदारी माझी." नायब तहसीलदार म्हणाले, "लेखी द्या." डॉक्टर नवीनच लागलेले, नोकरी पक्की झालेली नव्हती. तरी त्यांनी कागद मागितला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागले.

तोवर गावातून उखा नाना आला. बरोबर त्याचा भाऊ आणि चार-पाच जण. भाऊ म्हणाला, तिला बैलगाडीत घालू आणि भगताकडे नेऊ, जवळच आहे. बायकांचंही तेच म्हणणं पडलं. नानानं डॉक्टरांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"डागदर आठेच उभा शे," तो भावाला म्हणाला, "मंग भगतकडे कसाले जावानं?"

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. त्या काळी गावातल्या माणसानं भगताला सोडून डॉक्टर धरणं लहान गोष्ट नव्हती. आणि त्यानं धरला तो डॉक्टर गाडीच्या बॉनेटवर अर्ज लिहीत होता.

नाना नायब तहसीलदारांपुढे जाऊन उभा राहिला. "रावसाहेब, गाडी शे, डागदर शे, डायवर शे. मंग थांबानं कसाकरता?"

"विमान उतरल्याचा निरोप यायचाय, बाबा. आला की लगेच सोडतो."

नानानं वर बघितलं. आभाळात एक घारसुद्धा नव्हती. "इमान तं कवयच गयं," तो म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मी खोलीत जाऊन ट्रंकवाल्या बाईंना फोन केला. "जळगावची पट्टी लावा."

"नंबर एंगेज आहे, भाऊ."

"अर्जंट लावा."

"एंगेज आहे हो."

"मग लाइटनिंग लावा, बाई, माणूस मरतंय इथं." लाइटनिंग म्हणजे अर्जंटच्याही वरचा कॉल.

"नंबरच एंगेज असला तर लाइटनिंग कुठं पडणार, भाऊ?" त्यांचाही आवाज पडला. "मी लावत राहते."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. गोजराअक्काच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. डोकं नानाच्या मांडीवर. मला खिडकीत बघून म्हणाली, "भाऊ, डोया जड व्हयी राह्यनात." डॉक्टरांनी ते ऐकलं आणि लिहायचं थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता फार वेळ नाही. नागाचं विष आधी पापण्या पाडतं, मग जीभ, मग श्वास. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

मी काय विचार केला ते सांगतो, कारण पुढे मला तेच विचारलं गेलं. आभाळ स्वच्छ होतं. वीस मिनिटांची वाट होती आणि त्याच्या कितीतरी पट वेळ गेला होता. बिघडून परत आलं असतं तर केव्हाच आलं असतं. म्हणजे विमान एकतर जळगावला उतरलं होतं, नाहीतर कुठंतरी पडलं होतं. पडलं असलं तर ते एरंडोलच्या शिवारात पडलेलं विमान आमच्या लिंबाखालच्या गाडीनं वाचणार नव्हतं. इतका साधा हिशेब. मी रिसीव्हर ठेवला, बाहेर आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आला निरोप. उतरलं."

नायब तहसीलदारांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला त्यांची कीव आली. इस्माईलभाईंनी वाट बघितली नाही. चार जणांनी अक्काला उचलून आत ठेवलं, नाना तिचा हात धरून चढला, डॉक्टर मागून चढले. गाडी फाटकातून वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

आणि खोलीत फोन वाजला.

सगळ्यांनी तो ऐकला. पोलिसांनी, बंबवाल्यांनी, बायकांनी. मी जागचा हललो नाही. नायब तहसीलदार आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "हो, धुळे पट्टी... बरं. बरं." ते दारात येऊन उभे राहिले.

"जळगावहून होता. विमान उतरलं म्हणाले." मग माझ्याकडे बघत, हळू आवाजात, "मिस्त्री, मग मघाशी कुणाचा फोन आला होता?"

"कुणाचाच नव्हता, साहेब."

ते म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." मलाही वाईट वाटलं. त्यांनी वर कळवलं, आणि त्यांना ते कळवावंच लागणार होतं, इतक्या माणसांनी घंटी ऐकली होती. त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी कधीच राग आला नाही.

मी सायकलनं दवाखान्यात गेलो. दिवेलागणीला गोजराअक्का गेली. सापाचं औषध दिलं होतं, पण श्वास बंद पडत गेला आणि हातानं फुगा दाबून किती वेळ चालवणार? तो फुगा तरणा डॉक्टरच दाबत होता. नंतर तो मागच्या पायऱ्यांवर बसून रडला. मला बघितल्यावर म्हणाला, "गाडी अर्धा तास आधी मिळायला हवी होती." मी त्याच्याजवळ बसलो.

पुढे काही दिवसांनी चौधरींशी फोनवर बोलणं झालं. मी विचारलं, त्या दिवशी इतका वेळ का लागला? ते म्हणाले, विमान उतरलं आणि पाहुणे थेट पट्टीच्या खोलीत शिरले. तिथला एकच फोन. त्यांना मुंबईला बोलायचं होतं. एक फोन, दुसरा फोन, तिसरा फोन, खुर्चीवर बसून, पाय टेबलावर. "मी दारात उभा, भाऊ. आता त्यांना कसं म्हणू, की साहेब उठा, तुम्ही उतरलात हे धुळ्याला सांगायचंय?" ज्यांच्या जिवासाठी आम्ही गाडी अडवून धरली होती, त्यांनीच फोन अडवून धरला होता. मी चौधरींना म्हटलं, "तुमचा काय दोष?" आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर आमचं बोलणं कमीच झालं, आणि पुढे माझी बदली झाली.

गावातल्या बायका त्यानंतर गवत कापायला आल्या नाहीत. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी खात्याला शहरातून मजूर आणावे लागले.

माझी चौकशी लागली. नाशिकहून एक मोठे साहेब आले, विश्रामगृहात टेबल मांडलं, शेजारी कारकून लिहायला. खोटा निरोप देऊन बंदोबस्त मोडला, असा आरोप. मी कबूल केलं. साहेब सभ्य होते, आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "तुम्ही सांगितल्यानंतर लगेचच खरा फोन आला. तेवढा वेळ थांबला असतात तर?" मी म्हणालो, "तो लगेच येणार आहे हे मला माहीत नव्हतं, साहेब." त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. माझी बदली शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर झाली ती याच चौकशीवरून. नोकरी मात्र राहिली.

डॉक्टर, इस्माईलभाई, नायब तहसीलदार, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. शेवटी उखा नानाला बोलावलं. स्वच्छ धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खुर्ची दिली तरी बसला नाही. मी भिंतीशी उभा होतो.

साहेबांनी विचारलं, बाई दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा जिवंत होत्या का? "व्हती." औषध मिळालं का? "मियनं." वाचल्या का? "नही."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. गाडी नियमाआधी सोडूनही त्याचा काही उपयोग झाला नाही."

"थांबा, साहेब," नाना म्हणाला. इतका वेळ जमिनीकडे बघत होता, आता वर बघत होता. "उपेग व्हयना नही, आसं लिखू नका."

"म्हणजे? त्या तर गेल्या ना?"

"गयी. पन गाडीमा चढनी तवय तिनं तोंड चालू व्हतं. पांझराना पूल येस तठपावत ती मन्हासंगे बोलनी. पूलवर जीभ जड व्हयनी, मंग एक शब्द नही. या मिस्त्रीनी गाडी सोडी नसती, तो फोन वाजस्तवर थांबतूत, तं ती आठे पट्टीवर, बठ्ठा लोकेसना समोर, काहीच नही बोलता गयी असती. आमना बत्तीस-तेत्तीस वर्सना संसार, साहेब. तेवढं बोलनं व्हयनं आमनं."

कारकुनानं लेखणी उचलून धरली होती.

साहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "काय बोलल्या त्या?"

"ते तुमना कागदकरता नही शे," नाना म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. साक्षीदार या प्रश्नाचं उत्तर देत नाही."

कारकुनानं लिहिलं, वाचून दाखवलं. नानानं त्याखाली अंगठा उठवला, माझ्यासमोर येऊन एकदा हात जोडले आणि तो बाहेर निघून गेला.